दुसरं नाव

आमच्या खोऱ्यात रीतच होती तशी,
लग्नाआधी दोन्ही घरांनी मान्य केलेली:
मुलगे बापाच्या देवळात, मुली आईच्या.
म्हणून रविवारी पाणवठ्याच्या वळणावर
आमचं घर दोन तुकड्यांनी चालू लागायचं.
झोम्बोर आणि बाबा डावीकडे,
शिखरावर पत्र्याचा कोंबडा असलेल्या देवळात.
आई आणि मी उजवीकडे,
जिथं दारावरच कोरलं होतं: देव एकच.
दुपारी मात्र पातेलं एक.
मक्याच्या पिठाचा वाफाळता गोळा
आई दोऱ्यानं कापायची. चार भाग, सारखे.

रात्री पिसांच्या रजईखाली आम्ही भांडायचो.
तो म्हणे, तीन आहेत आणि एकच आहे.
मी म्हणे, बोटं मोज.
एकदा त्यानं खिशातून आलुबुखार काढलं.
साल, गर, आठळी. बघ बोरी, फळ एकच.
मी म्हटलं, मग आत्ता थुंकलास तो कोण?
तो इतका हसला
की पलीकडून बाबांनी भिंतीवर बूट हाणला.

मोठ्यांचं भांडण हसण्यावारी जाणारं नव्हतं.
ते वर्षातून एकदा, गुड फ्रायडेला.
बाबा उंबऱ्यावर करवतीला धार लावत,
आई पीठ चाळत,
एकमेकांकडे न बघता.

तो नुसता माणूस असेल, इबोया,
तर देव वरच राहिला. बघत.
असला देव मला नको.

आणि तो देव असेल, आम्ब्रुश,
तर त्याला मरण काय जड?
तिसरा दिवस ज्याला आधीच ठाऊक
त्याच्या खिळ्यांचं मला कौतुक सांगू नकोस.
माझा येशू घाबरला होता.
म्हणून मी त्याचं ऐकते.

चाळणीतून पीठ पडत राहायचं.
मला दोघांचंही खरं वाटायचं,
आणि भीती वाटायची ती त्याचीच.

झोम्बोर एकोणिसाव्या वर्षी गेला.
फेब्रुवारीत, वरच्या रानात
झाड नको त्या अंगाला पडलं.
बाबा उतारावर होते, पंधरा पावलं वर.
त्यांना सगळं दिसलं.

जमीन इतकी गोठलेली
की खणण्याआधी तिच्यावर रात्रभर आग ठेवावी लागली.
डावीकडच्या दफनभूमीत आई पहिल्यांदाच आली,
काळा रुमाल, हात एप्रनखाली.
पाळकांनी खूण केली:
मूठभर माती टाकून बापानं नाव घ्यायचं.

पित्याच्या, बाबा म्हणाले,
आणि थांबले.

पुढचा शब्द आमच्या भाषेत छोटा आहे, एका श्वासाचा.
देवाचा असो की शेजाऱ्याचा,
मुलाला तोच शब्द.
बाबांचा जबडा हलला.
मुठीतली माती वितळून मनगटावर ओघळली.
कुणीतरी खोकलं. घोड्यानं पाय आपटला.

तेव्हा आई,
जिनं उभ्या जन्मात प्रार्थनेत ते दुसरं नाव घेतलं नव्हतं,
घेणाऱ्यांची मनातून कीव केली होती,
मोठ्यानं म्हणाली:
पुत्राच्या.

तिसरं म्हणायचं राहूनच गेलं.
वारा फार होता.

उजवीकडच्या वडीलधाऱ्यांनी तिला बोलावून घेतलं.
बाकावर पाच जण, समोर ती, दाराशी मी.
तुझा विश्वास पालटला का, बाई?
नाही.
मग कबरीपाशी म्हणालीस ते?
ती बराच वेळ त्यांच्या बुटांकडे बघत राहिली.
म्हणाली, ते मी हाक मारली.
त्यांनी वहीत काय लिहिलं, मला माहीत नाही.

पुढच्या रविवारी वळणावर
बाबा डावीकडे वळले. एकटे.
कोटाच्या पाठीला रानातला भुसा अजून चिकटलेला.
आईनं हात पुढे केला, झटकण्यासाठी असेल,
पण तोवर ते चालू लागले होते.
घंटा दोन्हीकडे वाजत होत्या,
थोड्या पुढंमागं, नेहमीसारख्या.

पातेलं उतरलं की
आई अजून दोरा तसाच फिरवते,
चार भाग.
तीन तिला मोजता येत नाहीत.
चौथा संध्याकाळी कोंबड्या खातात.